तुम्ही विचारलंत: वजन कमी करायचंय, पण घरात स्वयंपाक एकच होतो

प्रश्न: वय ४३, उंची ५ फूट १ इंच, वजन ७४ किलो. राहायला डोंबिवली, ऑफिस फोर्टला. सकाळी सातला घर सोडते, रात्री आठला येते, मग स्वयंपाक, जेवायला दहा वाजतातच. गेल्या वर्षी किटो डाएट (भात-चपाती-साखर जवळपास बंद) केलं, सात किलो उतरलं आणि दिवाळीपर्यंत सगळं परत आलं. आता एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.१ आलंय. घरी सगळे म्हणतात तोंडावर ताबा ठेव. मी एकटी सॅलड खाते आणि बाकी तिघांना नेहमीचं करून वाढते. घरात महिन्याला ५ लिटर तेल लागतं, ते जास्त आहे का?

उत्तर: ताई, तोंडावर ताबा नाही असं तुम्हाला जे कोणी सांगतंय त्यांना आधी तुमचं टाइमटेबल दाखवा. दुपारी एकला डबा खाल्लेला माणूस रात्री आठपर्यंत पोटात काही नसताना गर्दीतून लटकत घरी आला की ओट्याशी उभं राहून फरसाणाच्या डब्यात हात जाणारच, तो कोणाचाही जाईल. म्हणून पहिला बदल संध्याकाळचा. ट्रेन पकडायच्या आधी पर्समधले भाजलेले चणे मूठभर, नाहीतर उकडलेलं अंडं, एखादं फळ. एवढं पोटात असलं की घरी येऊन डबे उघडायची घाई होत नाही.

आता तेल, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे. ५ लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो, चार माणसं, तीस दिवस, भागाकार केला की माणशी दिवसाला ३८ ग्रॅमच्या आसपास येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या ज्या सूचना काढल्या त्यात २००० कॅलरीच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. म्हणजे तुमचं घर साडेतीन लिटरवर आलं पाहिजे. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, तर या फरकातून प्रत्येकाच्या पोटात रोज साधारण १०० कॅलरी कमी जातील, एका चपातीएवढ्या, आणि कोणाला उपाशीही राहावं लागणार नाही. करायचं कसं, तर महिन्याचं तेल एक तारखेला वेगळं काढून ठेवा आणि पिशवीतून थेट कढईत ओतणं बंद करा, चमच्यानेच घ्या. फोडणीला दोन चमचे पुरतात, कांदा तळाला लागायला लागला की पाण्याचा हबका मारा. तळणीचं उरलेलं तेल "वाया नको" म्हणून भाजीत जातं ना, तेही बंद, मुळात तळणच पंधरा दिवसातून एकदा ठेवा.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३१ च्या जवळ आहे. आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या लोकांच्या पोटावर चरबी लवकर साठते आणि शुगरही लवकर वाढते. म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही घ्या, बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत हवी. पण म्हणून एकदम ५५ किलोचं टार्गेट ठेवू नका हं. एचबीए१सी ६.१ म्हणजे डायबेटीसचा उंबरठा, अजून आत गेलेलं नाही. अमेरिकेत अशाच उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांचा मोठा अभ्यास झाला, २००२ साली छापून आला, त्यात ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच ध्येय दिलेल्या गटात डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमचे ७ टक्के म्हणजे जेमतेम पाच किलो. सहा महिन्यात पाच किलो, हे जमण्यासारखं आहे आणि टिकण्यासारखं पण आहे, किटोसारखं दिवाळी आली की कोसळणार नाही.

आणि एकटीचं सॅलड आजपासून बंद. चौघांचं ताट एकच करा, मुलांना आणि नवऱ्यालाही तेच लागू आहे. रविवारी मटकी, मूग, हरभरे भिजवून मोड आणून फ्रिजमध्ये ठेवले की उसळ वीस मिनिटात होते. पिठलं-भाकरी, मूगडाळीचं धिरडं, वरण-भात आणि मोठी वाटी कोशिंबीर, वर पातळ ताक. ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला द्या, डाळ-उसळ पळीने नाही तर वाटीने वाढा, मग चपाती आपोआप तिनावरून दोनावर येते. तुम्ही यायच्या आधी घरातल्या कोणीतरी कुकर लावायचा आणि काकडी-टोमॅटो चिरून ठेवायचे. ही मदत मागायला अजिबात लाजू नका, पावणेनऊला जेवण झालं तर झोप तासभर लवकर लागेल, आणि झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं, मग दुसऱ्या दिवशी गोड-तळकट जास्त खावंसं वाटतं. चालण्यासाठी वेगळा वेळ काढू नका, तुमच्याकडे तो नाहीच आहे. सीएसएमटी ते ऑफिस चालत आणि संध्याकाळी स्टेशनपासून रिक्षा सोडून चालत, यातच तुमची १५० मिनिटं बसतात.

प्रश्न: दीक्षित डाएट करू की दिवेकर? बायको म्हणते दोनदाच खा, मुलगी म्हणते दर दोन तासांनी खा. मी ५६ वर्षांचा, शुगरची गोळी चालू आहे. (सांगली)

उत्तर: काका, डॉ. जगन्नाथ दीक्षित दोन वेळाच जेवा म्हणतात, ऋजुता दिवेकर थोडं थोडं घरचं खा म्हणतात, आणि अख्ख्या महाराष्ट्रात घराघरात यावरून वाद झालेत. पण दोन्हीतलं जे चांगलं आहे ते सारखंच आहे: बिस्किटं, फरसाण, बेकरीचा माल आणि कोल्ड्रिंक सुटतं, घरचं खाणं होतं, अंगाला हालचाल होते. जे तुम्हाला वर्षभर जमेल ते तुमचं. फक्त ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा कमी करायच्या नाहीत, शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येते, घाम फुटतो, माणूस पडूही शकतो. आधी डोस ठरवून घ्या, मग दोनदा जेवा की चारदा. आणि दिवसातून पाच चहा होत असतील तर प्रत्येकातली दोन चमचे साखर मोजा, तेच जवळपास पावणेदोनशे-दोनशे कॅलरी होतात.

प्रश्न: सोमवार आणि चतुर्थीचा उपवास करते तरी वजन वाढतंच.

उत्तर: कारण साबुदाणा. तो टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च असतो, प्रोटीन जवळजवळ नाहीच, त्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा, आणि उपवास म्हणून प्लेटही जरा मोठी. उपवास मोडायची गरज नाही. भगर आणि दाण्याची पातळ आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, दही, ताक, फळ हे करा. खिचडी खायचीच तर एक वाटी, दुपारी, आणि सोबत दही. रात्री उपवास सोडताना गोडाचा आग्रह मात्र नको.

प्रश्न: दिवसभर घरकाम करते, धुणं-भांडी, झाडू-पोछा सगळं मीच, तरी डॉक्टर म्हणतात व्यायाम करा. गुडघे पण दुखतात.

उत्तर: तुमचं काम खरंच कष्टाचं आहे, ते कमी लेखत नाही. पण ते थांबत थांबत होतं, त्यात सलग दम वाढत नाही आणि स्नायूंवर ठरवून जोर पडत नाही. चाळिशीनंतर स्नायू घटायला लागतात, पाळी जायच्या सुमारास जास्तच, आणि स्नायू घटले की गुडघ्यावरचा भार वाढतो. चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. त्याशिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम: खुर्चीवर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं, दहा वेळा, जरा थांबून परत दहा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि जरा उंच घ्या, गुडघा दुखत असेल तर उशी घालून अजून उंच करा. मग भिंतीला तळवे टेकवून स्वतःला ढकलायचं, तेही दहा. गुडघ्याला सूज असेल तर आधी दाखवून घ्या. आणि जेवताना डाळ-उसळ सगळ्यांना वाढून उरलेली तळाची तुम्ही घेत असाल तर तसं करू नका, स्नायूंना प्रोटीन तुम्हालाही तितकंच लागतं.

प्रश्न: वजन कमी करायचं इंजेक्शन आलंय म्हणे, घेऊ का? मला थायरॉईड पण आहे.

उत्तर: मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोवी जून २०२५ मध्ये भारतात आलं. भूक कमी होते, वजन उतरतं, हे खरं आहे आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांनी घ्यायला संकोच करू नये. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, त्यांच्या देखरेखीखाली, मैत्रिणीचं बघून नाही. घरात कोणाला थायरॉईडचा कॅन्सर झालेला असेल, तुम्हाला स्वादुपिंडाचा त्रास झालेला असेल तर ते आधी सांगा. बंद केलं की बऱ्याच जणांचं वजन परत येतं, आणि खाणं कमी झाल्यावर चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून वरचं प्रोटीन आणि खुर्चीचा व्यायाम इंजेक्शन घेणाऱ्यांना तर जास्तच लागतो. थायरॉईड कमी पडल्याने वाढणारं वजन बहुतेक वेळा दोन ते पाच किलोच असतं, त्यातलं बरंच अंगातलं पाणी आणि मीठ. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात चार तासांचं अंतर ठेवा. इंजेक्शनचा निर्णय टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून झाल्यावर घ्या.