कुलूप दिसत नाही, तरी दार बंद

प्रश्न : आमच्या वाचनालयात सभासद, पुस्तकं आणि देवघेव यांच्या नोंदी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्ये आहेत. टेबलांची फाइल ऑफिसातल्या संगणकावर आहे, काउंटरच्या दोन संगणकांवर ती टेबलं लिंक केली आहेत. जूनपासून एक शिकाऊ मुलगी येते. ती फक्त पुस्तकं शोधून देते, म्हणून तिच्या लॉगिनला तो फोल्डर नुसता वाचता येईल असा ठेवला. तेव्हापासून आठवड्यातून एखाद्या सकाळी बाकी कोणालाच फाइल उघडत नाही, 'आधीच वापरात आहे' असं येतं. फाइल वापरात असताना ॲक्सेस शेजारी जी लॉकची फाइल ठेवतं, ती डिलीट करायला गेले, तर ती फोल्डरमध्ये नाहीच! शिवाय एका संगणकावर ऑफिसातल्या त्या फोल्डरला दिलेला झेड ड्राइव्ह अधूनमधून गायब होतो.
– ग्रंथपाल, जि. सातारा

उत्तर : लॉकची फाइल नाही, यातच तुमचं उत्तर आहे. ज्या दिवशी अडतं त्या दिवशी सकाळी सगळ्यांत आधी कोणी उघडलं, ते बघा. माझी पैज त्या मुलीवर. तिची चूक काही नाही, बिचारीची.

होतं असं, की पहिला माणूस फाइल उघडतो तेव्हा ॲक्सेस शेजारी त्याच नावाची एक छोटी फाइल तयार करतं. शेपूट एलएसीसीडीबी, जुन्या एमडीबी फाइलींसाठी एलडीबी. कोण आत आलंय, याची ही हजेरीवही. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते. आता तुमच्या शिकाऊ मुलीला त्या फोल्डरमध्ये नवी फाइल करायची मुभाच नाही. वही उघडता येत नाही म्हटल्यावर ॲक्सेस सगळी फाइल तिच्या एकटीच्या नावे करून टाकतं. ती नंतर आली तर वही आधीच उघडलेली असते, मग बाकीच्यांचं काही अडत नाही. म्हणून रोज नाही, एखाद्याच सकाळी.

फोल्डरवर तिला वाचणं, लिहिणं, फाइल तयार करणं, डिलीट करणं अशा सगळ्या परवानग्या द्या. 'नुसतं वाचा' हे बंधन तिच्या लॉगिनपुरतं फक्त टेबलांच्या फाइलवर घाला. काम झालं.

पुढे कधी लॉकची फाइल दिसली आणि आत कोण आहे कळेना, तर तिची प्रत काढून ती नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येकासाठी 64 बाइट असतात. पहिल्या 32 मध्ये संगणकाचं नाव, पुढच्या 32 मध्ये वापरणाऱ्याचं, आणि तिथे बहुधा सगळ्यांचंच 'ॲडमिन' असतं. त्यामुळे संगणकांना 'काउंटर१', 'काउंटर२' अशी ओळखू येणारी नावं ठेवा. निघून गेलेल्यांची नावंही त्यात राहतात, हे मात्र लक्षात असू द्या. नाव दिसलं म्हणून लगेच कोणावर खेकसू नका.

आणि घाईने लोकांना बाहेर काढू नका. खतांच्या एका दुकानात मी वैतागून नेटवर्कची वायरच उपटली होती. बिलं करणारा मुलगा तेव्हा ऐन नोंदीत होता. फाइल बिघडली, आदल्या रात्रीचा बॅकअप टाकून दिवसभराची बिलं हाताने भरावी लागली. मालक काही बोलले नाहीत, चहाही विचारला नाही.

झेडचं दुखणं सोपं आहे. लिंक म्हणजे टेबल नव्हे, टेबलाचा पत्ता. तुमच्या पत्त्यात 'झेड' लिहिलेलं आहे आणि ते अक्षर त्या-त्या संगणकापुरतं असतं. ॲक्सेसमधलं लिंक्ड टेबल मॅनेजर उघडा, सगळी टेबलं निवडा आणि नवी जागा विचारल्यावर \\ऑफिस\वाचनालय\नोंदी अशा धाटणीचा, म्हणजे दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा, संगणकाच्या नावाचा पत्ता द्या. मग झेड असो-नसो.

जाता जाता : फॉर्मांची, म्हणजे नोंदी भरायच्या पडद्यांची फाइल दोन्ही काउंटरवर स्वतंत्र आहे ना? ती एकच सामाईक असेल तर आजच प्रती करा. टेबलांची फाइल वायफायवरून वापरू नका. आणि कॉम्पॅक्ट-रिपेअर, म्हणजे फाइलची साफसफाई-दुरुस्ती, करताना सगळ्यांना बाहेर यावं लागतं, म्हणून ते संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर, आधी प्रत काढूनच.