अपघातात हात गेला, आता नोकरी जाईल का?

तुमचा भाऊ नगरपरिषदेत पंपचालक आहे, अपघातात त्याचा उजवा हात गेला आणि साहेब म्हणतात, 'राजीनामा द्या, घरच्या कोणाला तरी लावू.' आधी एवढंच करा: राजीनाम्यावर सही करू देऊ नका.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चं कलम 20 नेमकं यासाठीच आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थाही यात येतात. पंपावरचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसरं पद द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्तीचं पद, निर्माण करून, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत, त्याला तिथे ठेवायचं. दिव्यांग आहे एवढ्याच कारणावरून बढतीही नाकारता येत नाही.

यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज लगेच भरा. मग कलम 20 चा उल्लेख करून पर्यायी पदाची लेखी मागणी करा आणि आवक क्रमांक असलेली पोच घ्या. तोंडी आश्वासनावर अजिबात विसंबू नका. कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येतं.

अजून एक, मनापासून सांगते. भावाला घरी बसवून ठेवू नका. जखम भरली की डाव्या हाताने लिहायचा, टायपिंगचा सराव सुरू करू द्या. सोबतचे लोक चहाला बोलावत असतील तर जाऊ द्या त्याला. कामावर परतणं तिथूनच सुरू होतं.