ॲब्लेशननंतरची धडधड

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. ॲब्लेशनला पाच आठवडे झाले तरी रात्री कुशीवर वळलं की छातीत फडफडतं, मग हे सगळं केलं कशाला, असं तू विचारलंस. हाच प्रश्न मी तिसऱ्या आठवड्यात पहाटे तीन वाजता, स्वतःच्याच मनगटावर बोटं दाबून विचारला होता.

तुझ्यासारखंच माझंही ॲब्लेशन एट्रियल फिब्रिलेशनसाठीच, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या बेताल फडफडीसाठीच होतं. त्यात जांघेतून नळी घालून, फुप्फुसांकडून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी मुद्दाम व्रण करतात, तिथल्या विजेच्या उनाड ठिणग्या आत शिरू नयेत म्हणून. या शिराच बहुतेक वेळा मूळ असतात, हे फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखवून दिलं. पण ताजा व्रण सुजतो, सुजलेला स्नायू चिडका असतो, आणि पक्का वण धरायला आठवडे जातात. म्हणून सुरुवातीच्या काळातली धडधड डॉक्टर लगेच अपयशात धरत नाहीत. पूर्वी ही सवलत तीन महिन्यांची होती. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या निवेदनाने ती आठ आठवड्यांवर आणली. तुझे अजून तीन उरलेत.

स्वस्थ बसलं असतानाही नाडी पूर्वीपेक्षा दहा-पंधराने जास्त दाखवते, म्हणतेस. त्या शिरांजवळच वेगाला लगाम घालणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठी असतात, त्यांनाही चटका बसतो. हे काही महिने राहू शकतं. आणि ‘ठोका चुकला’ असं वाटतं तेव्हा बहुधा एक ठोका लवकर येऊन गेलेला असतो. मधे जरा थांबून पुढचा जोरात पडतो, तोच आपल्याला जाणवतो.

खरी अडचण वेगळीच आहे. इतकी वर्षं धडधडीच्या झटक्याची वाट बघून आपले कान आत वळलेले असतात. व्रण भरला तरी कान लगेच बाहेर वळत नाहीत. ते स्मार्टवॉच रात्री काढून ठेव (माझं मी सरळ कपाटात टाकलं होतं). त्रास झाला तर वेळ लिही, काय करत होतीस ते लिही, किती टिकलं ते लिही, जमलं तर ईसीजीची पट्टी काढ, आणि वही मिट. डॉक्टरांना ‘भयंकर धडधडलं’ यापेक्षा ती पट्टी दहापट उपयोगी पडते.

रक्त पातळ करणारी गोळी मात्र बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. किमान दोन महिने ती घ्यावीच लागते. पुढचं तुझा पक्षाघाताचा धोका पाहून डॉक्टर ठरवतील.

आता जिथे थांबायचं नाही ते. पहिल्या दोन महिन्यांत ताप आला, गिळताना दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हात-पाय लुळा पडला, तर थेट इस्पितळ गाठ आणि ॲब्लेशन झाल्याचं पहिल्या वाक्यात सांग. अन्ननलिका त्या कप्प्याला पाठीमागून चिकटून असते. क्वचित तिला इजा होऊन भोक पडतं, आणि ते जिवावर बेततं. अशा वेळी तोंडातून दुर्बीण (एंडोस्कोपी) घालू नये, छातीचा सीटी स्कॅन करायचा असतो. तातडीच्या विभागातल्या नव्या डॉक्टरला हे माहीत असेलच असं नाही, तेव्हा तूच बोल. दम वाढत गेला, खोकल्यातून रक्त पडलं, जांघेतली गाठ फुगायला लागली, चक्कर येऊन पडलीस, तरी तेच. धडधड सुरू होऊन थांबतच नसेल, तर आठ आठवड्यांच्या हिशेबात न अडकता ईसीजी काढून घे.

होल्टर (अंगावर यंत्र लावून दिवसभर घेतलेली ठोक्यांची नोंद) झाला की रिपोर्ट पाठव. तोवर उजव्या कुशीवर झोपून बघ. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं, म्हणून साधा ठोकाही ढोलासारखा वाजतो. मी अजून उजवीकडेच झोपतो.

तुझे सर