आई 72 वर्षांची आहे, रात्री फक्त दूधभात खाते. हाडांसाठी कॅल्शियमची गोळी पुरेशी आहे का?

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझी आईच दिसली. गोळी बंद करा असं मी म्हणणार नाही, पण त्याआधी ताट बघा.

माझी आई कोथरूडला राहते. दोन वर्षांपूर्वी बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय घसरला, तिनं हात टेकला आणि मनगट मोडलं. डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करायला लावली. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा, उणे 2.8 आला. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. मला पटेचना, घरात दूध तर रोज येतं! मग आठवडाभर ती काय खाते ते वहीत लिहिलं. सकाळी चहा आणि दोन खारी. दुपारी दीड पोळी, भाजी, पळीभर पातळ वरण. रात्री मऊ भात आणि मेतकूट. दूध सगळं चहात. विचारलं तर म्हणे, "या वयात हलकंच बरं."

त्या हलक्यानंच घात केला. हाड म्हणजे नुसता चुना नव्हे, त्याचा आतला सांगाडा प्रथिनांचा असतो. पडताना सावरणारे स्नायूसुद्धा प्रथिनांवरच टिकतात. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे 50 किलोच्या बाईला 50 ते 60 ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.) आता आमच्याकडे वरण घट्ट असतं, रात्री मुगाचं धिरडं आणि वाटीभर दही. भूक कमी म्हणून पाच वाजता भाजलेले फुटाणे दळून ताकात देते. दात नाहीत ना तिला.

कॅल्शियमसाठी नाचणी उत्तम: 100 ग्रॅम पिठात साधारण 350 मिलिग्रॅम, तर तेवढ्याच दुधात 120च्या आसपास. शिवाय तिळाची चटणी, आणि मंडईत मिळाला तर शेवग्याचा पाला. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी फारसं लागत नाही.

उन्हाचं सांगायलाच हवं. पहाटे सहाला स्वेटर-कानटोपी घालून फिरायला जाणारे आजी-आजोबा पुण्यात गल्लोगल्ली दिसतात. फिरणं चांगलंच, पण त्या वेळी ड जीवनसत्त्व तयार होत नाही. त्यासाठी 11 ते 2च्या दरम्यानचं ऊन हातापायांवर थेट लागतं, खिडकीच्या काचेआडून आलेलं चालत नाही. रक्त तपासून कमी निघालं तर डॉक्टर 60,000 युनिटची पुडी देतात. ती सांगितले तेवढेच आठवडे घ्यायची, मनानं पुढे चालू ठेवायची नाही.

आणि आईंना थायरॉईडची गोळी असेल, तर ती आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा. आमच्याकडे कित्येक महिने दोन्ही एकाच घोटाबरोबर जात होत्या. डेक्सा झाली नसेल तर याच महिन्यात करून घ्या. आम्ही ती मनगट मोडल्यावर केली.