‘लँडस्केप’ला ‘भूदृश्य’ म्हणावं का?

प्रश्न कोल्हापुरात आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा त्या नोंदीच्या ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स’ या नावाचं मराठी कुणी ‘लष्करी भूदृश्य’ केलं, कुणी ‘भूप्रदेश’, कुणी सरळ ‘लष्करी स्थापत्य’. तिला प्रबंध मराठीत लिहायचा आहे आणि विषय आहे नगररचनेत लँडस्केपकडे सामाजिक-सांस्कृतिक अंगानं बघणं. मग शब्द कुठला धरायचा?

‘स्थापत्य’ आधी बाजूला काढू. स्थापत्य म्हणजे बांधलेलं: पन्हाळ्यावरचा तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव. यादीत गेलेले बारा किल्ले मात्र नुसते बांधकाम म्हणून गेलेले नाहीत, भूगोलासकट गेलेत. कुठला बेटावरचा, कुठला किनाऱ्यावरचा, कुठला रानातल्या डोंगरावरचा. पन्हाळ्याची नोंद डोंगर-पठारी किल्ला अशी आहे. १६६० च्या पावसाळ्यात सिद्दी जौहरचा वेढा चुकवून महाराज विशाळगडाकडे निघाले, त्या रात्रीच्या गोष्टीत मसाईचं पठार, चिखल आणि घोडखिंड हीसुद्धा पात्रंच आहेत. त्यांना स्थापत्य कसं म्हणणार?

आता ‘भूदृश्य’. दृश्य म्हटलं की बघणारा आला, आणि बघणारा लांब उभा असतो. ही खोट मराठीची नाही. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस डचांकडून आला तोच चित्रकारांची संज्ञा म्हणून. म्हणजे ‘भूदृश्य’ हे भाषांतर चुकलेलं नाही, अर्धं आहे. उरलेलं अर्धं याच शब्दाच्या जर्मन भावंडात, ‘लांडशाफ्ट’मध्ये, सापडतं. जुन्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ मुलूख, त्यात राहणारी माणसं आणि त्यांचा एकत्र कारभार असा होता. १९२५ मध्ये अमेरिकन भूगोलज्ञ कार्ल सावर यांनी ‘सांस्कृतिक लँडस्केप’ची मांडणी केली ती याच जर्मन परंपरेतून. नैसर्गिक प्रदेश हे माध्यम, त्याच्यावर काम करणारी संस्कृती आणि त्यातून घडणारी भूमी, असा तो विचार. १९९२ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात या नावानं वेगळा वर्ग केला. २००० साली फ्लॉरेन्सला झालेल्या युरोपीय लँडस्केप कराराची व्याख्या तुमच्या प्रबंधाला जास्त उपयोगी पडेल. तिचा आशय असा: लोकांना जसा जाणवतो तसा भूभाग, ज्याचं रूप निसर्ग आणि माणूस यांच्या देवघेवीतून घडलं आहे. यात ‘लोकांना जाणवतो’ हे शब्द सोडू नका. वरून बघणारा तज्ज्ञ एकटा पुरत नाही, एवढं त्यात येतं.

आपल्या कोल्हापुरात तर या शब्दाला आधीच दोन मालक आहेत. चित्रकार आबालाल रहिमानांनी रंकाळा तलावाचा परिसर रंगवला त्या गावात ‘लँडस्केप करायला घाटावर जातोय’ म्हटलं की बोर्ड-रंग घेऊन निघालेला पोरगा डोळ्यांसमोर येतो. बंगल्याचा कंत्राटदार ‘लँडस्केपिंग धरलंय का?’ विचारतो, तेव्हा त्याला लॉन आणि चार कुंड्या अपेक्षित असतात. जुना, चांगला मराठी शब्द ‘देखावा’ घ्यावा, तर तो मंडळांनी कायमचा नेलाय. ‘रंकाळ्याचा देखावा’ म्हटलं की कोल्हापूरकर विचारणार, कुठल्या तालमीचा?

हवा तो अर्थ शब्दकोशापेक्षा टेंबलाईच्या वाटेवर लवकर कळतो. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी-शुक्रवारी पेठापेठांतून बाया-पोरी ते कलशांत भरून डोक्यावर घेतात आणि पी-ढबाक या पारंपरिक वाद्यांच्या तालावर त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्याच, टेकडीवर वाहायला नेतात. ललितापंचमीला अंबाबाईची पालखीही त्याच टेकडीला जाते, तिथं कोहळा फुटतो. शहराच्या नकाशात नदी एका रंगात दाखवतात आणि टेकडी दुसऱ्या. दोन्हींचा सांभाळ होईलही. पण नदी आणि टेकडी यांना जोडणारं जे पाणी दरवर्षी डोक्यावरून जातं, त्याला नकाशात रंगच नाही. मधल्या एखाद्या रस्त्यावर दुभाजक किंवा उड्डाणपूल आला तर नेमकं काय मोडलं, हे सांगायला नगररचनाकाराकडे शब्द हवा. ‘भूदृश्य’ तिथं तोकडं पडतं, कारण पाणी वाहणारी बाई काही बघायला आलेली नसते.

माझ्या मनाचा कौल ‘मुलूख’कडे आहे. अरबीतून आला, पण मराठीत इतका मुरला की आता त्याला परका कोण म्हणेल? जमीन, माणसं, अंमल हे तिन्ही त्यात आहेत, थेट लांडशाफ्टसारखे. ‘मराठा लष्करी मुलूख’ हे मला ‘भूदृश्या’पेक्षा खणखणीत वाटतं. अडचण एवढीच की मुलूख मोठा असतो. परताळा किंवा गंगावेशीसारख्या शहरातल्या एखाद्या भागाला कुणी मुलूख म्हणत नाही, तिथं ‘परिसर’च. ‘भूप्रदेश’ निर्दोष आहे आणि त्यामुळेच बेचव. त्यात माणूस असलाच पाहिजे असं काही नाही.

एका शब्दाच्या नादात हाताशी असलेले शब्द मात्र सोडू नका. पांढरी आणि काळी, म्हणजे वस्तीची जमीन आणि पिकाची जमीन. गायरान, पाणंद, माळ, कातळाचा सडा, नदीकाठची मळी. यांतला प्रत्येक शब्द जमिनीचा पोत सांगतो आणि तिच्यावर कुणाचा हक्क, काय वहिवाट, हेही बहुधा सांगतो. पाणंद म्हणजे नुसती अरुंद वाट नव्हे, शेतापर्यंत बैलगाडी नेण्याची सगळ्यांची सोय आहे. आराखड्यात तिचा ‘रस्ता’ झाला की रुंदी मोजता येते, वहिवाट पुसली जाते. नावानं नशीब कसं फिरतं याचा दाखला गावातच आहे: जयंती ही मुळात नदी. तिला ‘जयंती नाला’ म्हणायला लागल्यावर तिच्यात सांडपाणी सोडताना कुणाला चुकचुकल्यासारखंही वाटेना.

उलटंही घडतं. ‘निळी रेषा’ आणि ‘लाल रेषा’ हे पाटबंधाऱ्याच्या कागदातले शब्द: निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर ते चहाच्या टपरीवर आले. ‘प्लॉट निळ्यात आहे काय?’ हे आता कुणीही विचारतं.

तेव्हा व्यवहाराचं सांगायचं तर शीर्षकात ‘सांस्कृतिक भूदृश्य’ ठेवा. परिभाषेत तो रुळत चाललाय आणि परीक्षकांशी पहिल्याच पानावर भांडण नको. पहिल्या प्रकरणात फ्लॉरेन्सची व्याख्या द्या आणि तिथंच सांगून टाका की इथं भूदृश्यात राहणारा, वाहणारा, कसणारा माणूस धरला आहे. पन्हाळ्याच्या प्रकरणात ‘मुलूख’ वापरून बघा. लोकांच्या मुलाखतींत मात्र यांतला एकही शब्द तोंडातून काढू नका, नाहीतर समोरचा ‘बाग करणार आहात काय?’ विचारेल. आणि लिहिताना ‘भू’ दीर्घ.