वाचकांचे प्रश्न : नाटक संपल्यावर बाबांना काय सांगावे?

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर ते एका हौशी नाट्यसंस्थेत जाऊ लागले आणि गेल्या हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत त्यांनी प्रथमच मोठी भूमिका केली. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात आम्ही घरची अकरा माणसे तिसऱ्या रांगेत बसलो होतो. त्यांचे पाठांतर मीच दोन महिने घेत असल्यामुळे सगळी संहिता मला तोंडपाठ झाली होती. दुसऱ्या अंकात ते एका वाक्यापाशी थांबले आणि माझ्या पोटात गोळा आला. आता पुढचे आठवणार नाही, असे वाटून मी ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणू लागले. त्याच प्रवेशात ते मुलीला घराबाहेर काढतात आणि तिच्यावर हात उगारतात. माझ्यावर कधी आवाजही न चढवणारे बाबा मला तिथे अनोळखी वाटले आणि मी मान खाली घातली. परत येताना गाडीत त्यांनी विचारले, ‘कसं झालं गं?’ मी म्हणाले, ‘मस्त झालं बाबा.’ त्यानंतर ते गप्प झाले आणि आजतागायत त्यांनी नाटकाचा विषय काढलेला नाही. पुढच्या महिन्यात आणखी एक प्रयोग आहे. मी जावे का? आणि गेले, तर त्यांना काय सांगावे?
— एक कन्या, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : अवश्य जा, मात्र या वेळी बसण्याची जागा बदला. अकरा नातेवाइकांच्या मधोमध बसले की प्रत्येक जण दुसऱ्याचा चेहरा पाहतो, कोणी कोपराने खुणावतो, कोणी मोबाइल काढतो आणि नाटक बाजूला राहून घरगुती समारंभ सुरू होतो. नवव्या-दहाव्या रांगेत, शक्यतो एकट्याच बसा. तिथून तुम्हाला सगळा रंगमंच दिसेल आणि बाबा त्यावरच्या पाच-सहा माणसांपैकी एक होतील. संहिता मात्र आजच कपाटात ठेवून द्या आणि उरलेले पाठांतर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी घेऊ द्या.

हे सांगण्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. ज्याला पुढचे वाक्य ठाऊक असते त्यालाच मधली शांतता चूक वाटते. सभागृहातल्या इतर प्रेक्षकांनी ते नाटक कधी वाचलेले नव्हते. त्यांच्या दृष्टीने एक बाप मुलीला घालवून देण्यापूर्वी क्षणभर थांबला, एवढेच घडले. तो विराम दिग्दर्शकाने बसवलेला असू शकतो, किंवा बाबा खरोखर अडखळले असतील आणि समोरच्या कलाकाराने त्यांना सांभाळून घेतले असेल. दोन्ही शक्य आहे. तुम्ही त्या संध्याकाळी प्रेक्षक म्हणून बसलाच नव्हता, तुम्ही विंगेतून वाक्ये सुचवणारा प्रॉम्प्टर होऊन बसला होता, आणि दोन महिने मायेने केलेल्या कामाची सवय एका रात्रीत सुटत नाही, म्हणून यात स्वतःला दोष देऊ नका.

पुढच्या प्रयोगात बाबा बोलत नसतील तेव्हा त्यांच्याकडे विशेष लक्ष द्या. नवख्या नटाची खरी परीक्षा दुसऱ्याच्या वाक्यावर होते. तो समोरच्याचे ऐकतो आहे की आपल्या वाक्याची पाळी येण्याची वाट पाहतो आहे, हे शेवटच्या रांगेलाही कळते. मुलगी बोलत असताना त्यांचे हात काय करतात, ती दाराकडे वळते तेव्हा त्यांची नजर तिच्यामागे जाते का, हे पाहा. घरी पाठांतर घेताना हे कधीच दिसत नाही, कारण तिथे समोरची सगळी वाक्ये तुम्ही वाचत होता.

आता हात उगारण्याविषयी. मान खाली घालावीशी वाटली याचा तुम्हाला संकोच वाटतो आहे. मला मात्र तुमच्या पत्रातली ती सर्वांत मोलाची ओळ वाटली. ज्यांना तुम्ही जन्मापासून ओळखता, ज्यांचा चढलेला आवाज कधी ऐकला नाही, त्यांची तुम्हाला भीती वाटली. परीक्षक गुण देतात, पण ही दाद देण्याची पात्रता त्या सभागृहात केवळ तुमच्याकडे होती आणि ती तुम्ही ‘मस्त’ या शब्दामागे ठेवून दिलीत. बाबा गप्प झाले ते बहुधा रागाने नव्हे. महिनोन्महिने तालमी करायच्या आणि सगळे एका संध्याकाळी पणाला लावायचे, असे या स्पर्धेचे स्वरूप असते. प्राथमिक फेरीतून निवडलेली नाटकेच पुढे अंतिम फेरीत जातात, त्यामुळे अनेक संस्थांसाठी तो प्रयोग पहिला आणि शेवटचाही ठरतो. अशा रात्री नट घरच्या माणसाला ‘कसं झालं?’ असे विचारतो, तेव्हा त्याला ‘तुला काय दिसलं?’ हे ऐकायचे असते.

माझा मोठा भाऊ सीताबर्डीवरच्या जुन्या धनवटे रंगमंदिरात एका नाटकात गड्याचे काम करत असे. काम लहानसे होते. शेतातून यायचे, पेला तोंडाला लावायचा आणि दोन वाक्ये बोलून जायचे. आमची आई अल्पशिक्षित होती आणि नाटकातले तिला फारसे कळत नसे. प्रयोगानंतर ती त्याला एवढेच म्हणाली, ‘पेल्यात पानी नोतं बापा, तरी माहा घसा ओला झाला.’ भावाने पुढे पुष्कळ भूमिका केल्या, बक्षिसेही मिळवली. पण त्या वाक्याविषयी तो अजूनही बोलतो. तुम्हीही बाबांना असेच एक काही सांगा, जे तुम्ही स्वतः पाहिले. ‘तुम्ही हात उगारलात तेव्हा मला तुमच्याकडे बघवलं नाही,’ हे तर आजही सांगता येईल. त्यासाठी पुढच्या प्रयोगापर्यंत थांबू नका.

त्या विरामाविषयी मात्र प्रयोगाच्या रात्री बोलू नये. रंग पुसला तरी नट काही तास भूमिकेतच असतो आणि तेव्हा ऐकलेला दोष त्याला फार लागतो. दोन-तीन दिवसांनी, चहा घेताना, ‘तिथे थांबलात ते ठरवून होतं का?’ असे विचारावे. विसरले असतील तर ते स्वतःच सांगतील आणि त्यांनाही मोकळे वाटेल.

आपले माणूस रंगमंचावर दुसरेच कोणी झालेले पाहणे आपल्या विदर्भाला नवे नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीच्या भागात मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्ताने गावातलेच लोक नाटके करत आले. दिवाळीनंतरच्या थंडीत मंडपात रात्रभर चालणाऱ्या त्या प्रयोगांत शेजारचा शेतकरी राजा होत असे आणि सकाळी तोच बैल सोडताना दिसत असे. आज गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे व्यावसायिक झाडीपट्टी नाटकांचे केंद्र झाले असले, तरी ती नजर तिथल्या प्रेक्षकांत टिकून आहे. नागपुरातही नाटककार-दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांच्या रंजन कला मंदिरासारख्या संस्थांनी हौशी कलावंत घडवले. तुमचे बाबा त्याच वाटेवर जरा उशिरा निघाले आहेत, इतकेच.

आणखी एक विनंती आहे. प्रयोग संपल्यावर रंगपटात जाल तेव्हा बाबांच्या आधी त्यांच्या मुलीची भूमिका करणाऱ्या कलावतीला भेटा. तालमीत रोज तिच्यावरच तो हात उगारला गेला आहे. तालमीतले बाबा कसे असतात, हे तिला विचारा.

प्रश्न : माझी सून एका नाटकात काम करते आहे आणि शेवटच्या प्रवेशात तिचा मृत्यू होतो. सहा वर्षांच्या नातवाला प्रयोगाला न्यावे का? तो हट्ट धरून बसला आहे.
— एक आजोबा, महाल, नागपूर

उत्तर : थेट प्रयोगाला नेऊ नये, विशेषतः प्रयोग स्पर्धेचा असेल तर. शांत सभागृहात मूल ‘आई’ म्हणून रडू लागले, तर रंगमंचावरच्या आईचे चित्त ठिकाणावर राहणार नाही आणि तिच्या सहकाऱ्यांवरही अन्याय होईल. त्याऐवजी दिग्दर्शकांची परवानगी घेऊन त्याला रंगीत तालमीला न्या. पडदा उघडण्याआधी त्याला नेपथ्य पाहू द्या आणि रंगभूषा चालू असताना आईजवळ बसू द्या. ‘हे सगळं खोटं असतं’ असे मात्र सांगू नका, कारण आईचे रडणे त्याला खरेच दिसणार आहे. ‘आई त्या गोष्टीतल्या बाईचं काम करते आहे,’ असे सांगितले तर ते त्याला कळते. बसताना दाराजवळची, कडेची खुर्ची घ्या. पडदा पडताच त्याला लगेच आत न्या आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग त्याला त्याच्या हाताने पुसू द्या.