नाव लपवलं म्हणून मी अशी झाले का?

समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत तिनं फोन माझ्यापुढे धरला. (तिच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.)

फोनवर एक ऑनलाइन वाद होता. विषय रोजचाच. कामाची वेळ संपल्यावर साहेबांचा फोन उचलायचा की नाही? हिनं टोपणनावानं लिहिलं होतं, 'वेळ संपली की माझा फोन बंद.' त्यावर एक अनोळखी माणूस, तोही टोपणनावानंच, म्हणाला, 'अशा लोकांमुळेच आमच्यावर बोजा पडतो.' शब्दाला शब्द वाढत गेला आणि रात्री साडेअकराला हिनं लिहिलं, 'घरी तुझी कुणी वाट बघत नसेल, म्हणून तुला ऑफिस गोड लागतं.'

सकाळी खाली उत्तर होतं. 'नाही बघत.'

एवढंच. त्या दोन शब्दांनी तिची झोप उडाली होती.

"मॅडम, ऑफिसात मी कुणाच्या अरेला कारे करत नाही. मग ही कोण? नाव लपवलं की माणूस असाच होतो का? खऱ्या नावानंच लिहू का यापुढे?"

हा प्रश्न माझ्याकडे बरेच जण आणतात. नाव लपवणं म्हणजे भित्रेपणा, असंही काहींना वाटतं. मला ते मुळीच पटत नाही. पगार, छळ, जादा तास यांबद्दल खऱ्या नावानं बोललं तर नोकरीवर बेतू शकतं. 'माझ्याही बाबतीत हे झालंय' एवढं म्हणायला कित्येकांना टोपणनावाचाच आधार मिळाला आहे. पडद्याआड माणसाचा संकोच सुटतो आणि त्यातून जिव्हाळाही बाहेर येतो, विखारही, असं मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्येच मांडलं होतं. खऱ्या नावाची सक्तीही करून झाली आहे. दक्षिण कोरियानं २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांसाठी तसा कायदा केला. बेकायदा मजकूर लक्षणीय घटल्याचा पुरावा नाही, हेही एक कारण देत तिथल्या घटनात्मक न्यायालयानं २०१२ मध्ये तो रद्द केला.

त्याच वर्षी इस्रायलमधल्या दोन संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी जोड्या करून लोकांना ऑनलाइन वाद घालायला लावला होता. कुणाचं नाव लपवलेलं, कुणाचं उघड. काहींना कॅमेऱ्यातून समोरच्याचे डोळे दिसत होते. कडवटपणा वाढण्यामागे नाव लपवण्यापेक्षा नजरेला नजर नसणं हे मोठं कारण निघालं.

मी तिला म्हटलं, "तेच वाक्य माझ्याकडे बघून वाचा."

'घरी तुझी कुणी' इथपर्यंत आली आणि थांबली. फोन मांडीवर उलटा ठेवला.

"हे तोंडानं नाही म्हणता येत."

"त्या संध्याकाळी काय झालं होतं?"

बराच वेळ गेला. मग म्हणाली, "साहेबांचा फोन आला होता. नऊला. मी उचलला. पाऊण तास बोलत होते ते."

वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं. ते तिच्याच लक्षात आलं, मला सांगावं लागलं नाही.

टोपणनाव ठेवायचं, असं ठरलं. फक्त रागात लिहिलेलं आधी मोठ्यानं वाचायचं, समोरच्या खुर्चीत तो माणूस बसलाय असं धरून. जे तोंडातून निघत नाही, ते पाठवायचं नाही.

माफीचा मजकूर तिनं माझ्यासमोरच लिहिला. पहिल्या खर्ड्यात 'पण सुरुवात तुम्हीच केली' असं होतं. मी काही बोलायच्या आत तिनंच ते खोडलं. उरलं ते असं: 'मी तुमच्या घरावर गेले. ते चुकलं. माफ करा. फोनबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.' शेवटचं वाक्य ठेवू का, असं तिनं विचारलं. जरूर ठेवा म्हटलं. चूक कबूल करताना मत सोडायची काही गरज नसते. 'तुझी'चं 'तुमच्या' झालंय, हे बहुधा तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"उत्तर आलं नाही तर?"

"नाही येणार कदाचित."

तिनं पाठवलं. पुढची दोन सेशन्स आम्ही नऊच्या त्या फोनवर घालवली.